बेबीनंदाबाईंची पाच कोटींची भेंडी

आपल्या पोरीनं टायपिस्ट व्हावं असं हसनाबादच्या भिवाला फार वाटायचं, आणि त्याला कारण होतं एक पंखा. एक्क्याऐंशी साली कसल्याशा दाखल्यासाठी तो तालुक्याच्या कचेरीत गेला होता. दिवसभर उन्हात उभा राहिला. आत एक बाई खुर्चीत बसून मशीन बडवत होती, डोक्यावर पंखा गरगरत होता, आणि खुद्द साहेब तिच्यापाशी येऊन म्हणत होते, "बाई, जरा जल्दी झालं तर बरं होईल." भिवा घरी आला, पायातली चप्पल काढायच्या आधी बायकोला म्हणाला, "गोजरे, सायबाचा बी सायेब पाह्यला म्या आज. बाई हे ती. आपली बेबीनंदा तेच व्हणार."

बेबीनंदा दहावी झाली आणि जुन्या जालन्यात मावशीकडे राहायला आली. कापडाच्या एका ठोक दुकानाच्या माडीवर टायपिंगचा क्लास होता. खाली कापड फाडल्याचा आवाज, वर बारा मशीनची खडखड. बद्रीनाथ सर हातात पट्टी घेऊन मशीनमधून फिरायचे आणि एकच मंत्र द्यायचे, "टायपिस्टनं अर्थाच्या भानगडीत पडायचं न्हाई. अक्षर आलं, बोट गेलं. बस." बाकीच्या पोरी हे ऐकून सोडून द्यायच्या. बेबीनंदानं मात्र ते असं मनावर घेतलं की दोन वर्षांत मराठी, इंग्रजी दोन्ही परीक्षा पास झाली. इंग्रजीत तिचा वेग मिनिटाला पन्नास शब्दांचा होता, त्यातले समजायचे वीस.

कचेरीत नोकरी काही लागली नाही. मग तिनं जुनं मशीन घेतलं आणि कचेरीच्या बाहेरच टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायला लागली. पंखा नव्हता, पण नाव झालं. एकदा एक दमेकरी म्हातारा विहिरीवरचा पंप चोरीला गेल्याचा अर्ज सांगत होता. दर चार शब्दांमागं त्याला खोकल्याची ढास लागायची. बेबीनंदानं सगळं उतरवून घेतलं. आत साहेबांनी अर्ज मोठ्यानं वाचायला घेतला, "माझ्या मालकीचा पंप अहं अहं अहं दिनांक तीन रोजी रात्री अहं अज्ञात इसमाने अहं अहं…" साहेबांना वाटलं म्हातारा आपली थट्टा करतोय. म्हाताऱ्याला वाटलं साहेबांनाही दमा आहे, म्हणून त्यानं खिशातली ज्येष्ठमधाची कांडी काढून त्यांच्यापुढं धरली. बेबीनंदाला बोलावणं गेलं. ती म्हणाली, "सर, त्यांनी जेवढं सांगितलं तेवढंच लिहिलं म्या. एक अहं जास्ती न्हाई."

पुढं लग्न झालं. नवरा देवानंद, बदनापूरकडच्या एका शाळेत गुरुजी. लोक तिला बेबीनंदाबाई म्हणायला लागले. आणि नव्व्याण्णव साली टपोर सीड्सचे मालक साहेबराव तौर स्वतः टेबलापाशी येऊन उभे राहिले.

टपोर सीड्स म्हणजे बियाण्याची छोटी कंपनी. जालन्यात अशा पुष्कळ. एक गोडाऊन, एक ऑफिस, पॅकिंगला सहा बाया आणि साहेबराव. मिरची, काकडी, भेंडी यांचं बी ते विकायचे. माणूस दिलदार आणि बोलका. कुणाशीही सौदा करायचा म्हणजे आधी एक गंमत सांगायची, असा त्यांचा रिवाज. आणि गंमत नेहमी मेहुण्याची. मेहुणा कारभारी त्यांच्या सासुरवाडीला, अंतरवाली सराटीला राहायचा. तो भला गडी शेतात राबायचा आणि इकडं जालन्याच्या बाजारात त्याच्यावर रोज नवं काहीतरी बेतायचं.

"नंदाबाई," साहेबराव म्हणाले, "आपल्याला परदेशात बी विकायचं हे. इंग्रजी लिव्हणारं माणूस पाह्यजे. पंखा हे ऑफिसात."

बेबीनंदाबाई दुसऱ्या दिवशी हजर झाल्या.

दोन हजार दोन साली ऑफिसात इंटरनेट आलं. ते लावलं की फोन बंद पडायचा आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज यायचा. त्यात समोरच्याशी लिहून गप्पा मारायची सोय होती. साहेबराव मागं उभे राहून मराठीत सांगायचे, बेबीनंदाबाई त्याचं इंग्रजी करून टाइप करायच्या. आता त्यांचं इंग्रजी सगळं अर्ज टाइप करून आलेलं. त्यामुळं साहेबराव काहीही बोलले तरी परदेशात ते अर्जासारखंच पोचायचं. आणि प्रत्येक गप्पेचा कागद काढून त्या फायलीला लावायच्या, कारण लिहिलेलं जपून ठेवायचं असतं.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं पेरू देशातलं. नाव रामोन. साहेबराव त्याला रामभाऊच म्हणायचे. त्याला मिरचीचं बी हवं होतं. सकाळी नऊ वाजता, म्हणजे त्याच्याकडं आदल्या दिवशीची जेवणं आटोपल्यावर, तो बोलायला यायचा. त्यानं विचारलं, मिरची तिखट आहे का?

साहेबरावांनी हात चोळले. "लिव्हा. म्हणावं, आमच्या मेव्हण्यानं एक मिरची खाल्ली तं परवापासून पळून राह्यला. काल अंबडात दिसल्ता. आज घनसावंगीच्या पुढं गेला म्हणते."

बेबीनंदाबाईंनी टाइप केलं, त्याचा अर्थ असा होता: 'सविनय कळविण्यात येते की आमचे मेहुणे यांनी सदर मिरची भक्षण केली असून ते परवापासून धावत आहेत. काल अंबड येथे आढळले. आज घनसावंगीच्या पुढे. तरी माहितीस्तव सादर.'

पलीकडून उत्तर आलं. जे, ए, जे, ए, जे, ए, जे, ए.

"काय म्हन्ला?" साहेबरावांनी विचारलं.

बेबीनंदाबाईंनी अक्षरावर बोट ठेवत वाचलं, "जा. जा. जा. जा."

साहेबरावांचं हसू मावळलं. "कुठं जा?"

"तेवढंच लिव्हलंय."

"चार बार?"

"चार बार."

साहेबराव खुर्चीत बसले. परत उठले. "आपण काय त्याच्या दारात बसलो व्हय? आपल्या ऑफिसात बसून, आपल्या पंख्याखाली बसून, ह्यानं आपल्याला जा म्हणावं? लिव्हा, आम्ही जाणार न्हाई."

'सविनय कळविण्यात येते की आम्ही जाणार नाही.'

रामोननं विचारलं, "कुठे?"

"बघा, आता साळसूद बनून राह्यला!" साहेबराव म्हणाले. तेवढ्यात पुन्हा अक्षरं उमटली. जे, ए, जे, ए. मग इंग्रजीत: तुम्ही फार मजेशीर आहात, मिस्टर तौर.

"जा जा, तुम्ही फार मजेशीर आहात," बेबीनंदाबाईंनी वाचून दाखवलं. आता असं कुणी कुणाला म्हणालं तर त्याचा एकच अर्थ निघतो. साहेबरावांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. कॉम्प्युटर, पंखा, ट्यूबलाइट सगळं एकदम विझलं. रामोनशी बोलणं त्या दिवसापासून बंद.

दुसरा आला ब्राझीलचा गिल्बर्टो. काकडीवाला. साहेबराव आता सावध होते, पण सवय कुठं जाते? चौथ्या दिवशी मेहुणा निघालाच. कारभारी काकडी मोजायला वेलापाशी बसला, डुलकी लागली, तर संध्याकाळपर्यंत वेलानं त्याला गुंडाळून बांधावर नेऊन ठेवला. बेबीनंदाबाईंनी 'सदर वेलीने मेहुणे यांना बांधावर स्थलांतरित केले' असं काहीतरी लिहून ते धाडलं.

उत्तरात नुसता 'के' आला. के के के के के के, ओळभर.

साहेबराव घाबरले. "हे काय आता?"

बेबीनंदाबाईंनी मात्र मान डोलावली. वीस वर्षं मशीनवर काढलेल्या बाईला हे दुखणं ओळखीचं होतं. "काही न्हाई साहेब. त्याची के ची कळ अडकली. कचरा गेला असंल." आणि साहेबरावांना न विचारता, एका टायपिस्टनं दुसऱ्या टायपिस्टला सांगावं तसं त्यांनी आपल्या मनानं लिहिलं: 'आपली के ही कळ अडकलेली दिसते. कीबोर्ड उलटा धरून मागून हलक्या हाताने थापटावा. फुंकर मारू नये, आत ओल जाते.'

पलीकडून दोन ओळी भरून के आले.

"अजूनच चिकटली हो!" बेबीनंदाबाई कळवळल्या. गरीब बिचारा, असा माणूस धंदा कसा करणार? घरी जाऊन त्यांनी आपल्या जुन्या मशीनचा, कळांमधला कचरा काढायचा बारका ब्रश शोधला, धुतला, वाळवला, लखोट्यात घातला आणि रजिस्टर पोस्टानं ब्राझीलला पाठवून दिला. पोस्टातल्या माणसानं 'आत काय आहे' विचारलं. त्या म्हणाल्या, "औषध."

मग दोन हजार चारच्या फेब्रुवारीत थायलंडहून सुदा मॅडम आल्या. साहेबरावांच्या तोंडी लगेच सुधाबाई. त्यांना भेंडी हवी होती, पण सरळ हवी, वाकडी नको.

"सरळ?" साहेबराव म्हणाले. "लिव्हा. आमच्या मेव्हण्यानं ओळंब्याच्या जागी आपली भेंडी धरून घराची भिंत बांधली. भिंत सरळ आली, मेव्हणाच वाकडा निघाला. आन् इचारा, किती पाकिटं पाह्यजे?"

बेबीनंदाबाईंनी तपशीलवार कळवलं. 'भिंतीची तपासणी केली असता ती सरळ आढळली. मेहुणे वाकडे आढळले. तरी किती पाकिटे लागतील ते कळवावे.'

उत्तर आलं: ५५५५५.

बेबीनंदाबाईंनी आकडे मोजले. "पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न."

"पाकिटं?"

"पाकिटंच इचारली ना आपण."

साहेबराव हळूच खुर्चीच्या टोकावर टेकले. टपोर सीड्सनं आजपर्यंत परदेशात एवढं कधी पाठवलं नव्हतं. त्यांनी पॅकिंगच्या द्वारकाबाईला हाक मारून पेढे आणायला पाठवलं, पेढा तोंडात टाकला आणि तोंडातच असताना सांगायला लागले, "लिव्हा, पक्कं करून घ्या. म्हणावं, तुमची आर्डर आइकून आमचा मेव्हणा बाजंवरून खाली पडला."

'आपली मागणी ऐकून आमचे मेहुणे बाजेवरून खाली पडले. इजा नाही. मागणी कायम असल्यास कळवावे.'

उत्तर: ५५५५५५५५.

यावेळी बेबीनंदाबाईंनी पेन्सिल घेऊन कागदावर एकं-दहं मांडलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साहेब, पाच कोटी पंचावन्न लाख पंचावन्न हजार पाचशे पंचावन्न."

साहेबरावांचा पेढा घशातच राहिला. द्वारकाबाईनं पाठीत धपाटा घातला तेव्हा गिळला गेला. "नंदाबाई," ते बारीक आवाजात म्हणाले, "सगळ्या जिल्ह्यातली वावरं भेंडीखाली आणली तरी एवढं बी निघणार न्हाई. पण सुधाबाईला न्हाई कसं म्हणावं? तिनं एवढ्या भरोशानं मागितलं." आणि टोपी घालून ते उठले. "मी चाल्लो अंतरवालीला. ज्याच्या ज्याच्या हिरीला पाणी हे त्याला आजच भेंडी लावायला सांगतो."

जीप गेली. बेबीनंदाबाई एकट्या राहिल्या आणि मालाचा कागद टाइप करायला बसल्या. पाच, पाच, पाच. सहाव्या पाचाला त्यांचं बोट थांबलं. वीस वर्षांत बोट असं मध्येच थांबलं नव्हतं. एवढी मोठी मागणी, आणि बाईनं 'पाकिटे' हा शब्दसुद्धा लिहिला नाही? स्वल्पविराम नाही, 'कृपया' नाही?

आदल्या आठवड्यातच देवानंद गुरुजी घरी जेवताना वर्गाचं सांगत होते. पोरं खिदळायला लागली की ते पोरांना रागवत नाहीत, आधी फळ्याकडं बघतात. काही चुकीचं लिहिलं असेल तर पोरं त्यालाच हसत असतात. बेबीनंदाबाईंना ते आठवलं. त्यांनी कपाटातून तिन्ही फायली काढल्या आणि बद्रीनाथ सरांची मनातल्या मनात माफी मागून, आयुष्यात पहिल्यांदा, आपणच टाइप केलेलं अर्थासकट वाचायला घेतलं.

जा जा जा च्या वर काय होतं? मेहुणा. के के के च्या वर? मेहुणा. पाच पाच पाच? भिंत, बाज, मेहुणा. जिथं भाव लिहिला होता, उगवण नव्वद टक्के लिहिली होती, तिथं तिघंही शहाण्यासारखं बोलत होते. कारभारी आला की तिघांचंही बिघडायचं. पेरूवाला, ब्राझीलवाला, थायलंडवाली. तीन देशांत एकाच माणसापायी एवढी गडबड होते, म्हणजे कळ अडकायचा प्रश्न नव्हता, ती अक्षरं तोंडानं कशी म्हणतात ते बघायला हवं होतं.

त्यांनी सुदा मॅडमला लिहिलं: 'आपल्या कार्यालयात पाच हा आकडा तोंडी कसा म्हणतात, ते कृपया कळवावे.'

सुदा मॅडमनं लिहिलं: "हा."

बेबीनंदाबाईंनी पडद्याकडं बघत हळूच म्हणून पाहिलं. "हा हा हा हा हा." मग फाईल ओढली. रामोनच्या बोलीत जे चा उच्चार ह होत असेल तर? "हा हा हा हा." आणि ब्राझीलवाला? "क्ख क्ख क्ख." हसणाऱ्या माणसाला आपण कचरा काढायचा ब्रश पाठवला!

सुदा मॅडमचं आणखी लिहिणं चालू होतं. पाचाला आमच्यात हा म्हणतात, म्हणून हसायचं झालं की आम्ही पाचच लिहितो. तुमची पत्रं मी ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. 'तरी माहितीस्तव सादर' आलं की आमचा हिशेबनीस टेबलाखाली जातो. आणि हो, पाकिटं पाचशे पाठवा.

तेव्हा कुठं बेबीनंदाबाईंना साहेबराव आठवले. अरे देवा, ते तर अंतरवालीत भेंडी लावत सुटले असतील! त्यांनी फाईल काखेत मारली, एसटीनं अंबड गाठलं, तिथून काळीपिवळी जीप धरली. ड्रायव्हरनं अजून चार माणसं भरायला गाडी थांबवली तर म्हणाल्या, "चल बाबा, पाच कोटीचा मामला हे." ते ऐकून आतले दोघं तिकीट नसल्यासारखे आखडून बसले.

अंतरवालीच्या चौकात चहाच्या टपरीपुढं तीस-चाळीस माणसं जमली होती. साहेबराव बाकड्यावर उभे होते. "कापूस इसरा! सोयाबीन इसरा! थायलंडाला आपल्याबिगर भेंडी भेटणार न्हाई!"

"साहेब," गर्दीतून वाट काढत बेबीनंदाबाई म्हणाल्या, "खाली उतरा. ती आर्डर न्हाई."

"मंग काय हे?"

"हसू हे ते. बाई हसून राह्यल्या."

"कोणाला?"

"आपल्याला. त्यांच्यात पाचाला हा म्हणतेत. पाच पाच म्हंजे हा हा."

साहेबराव बाकड्यावरच गोठले. टपरीवाल्यानं ओतता ओतता चहा जमिनीवर ओतला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "म्हंजे ती बाई पाच कोटी पंचावन्न लाख बार हसली?"

मग जो गलका उठला त्याला सुमार नव्हता. कुणी गुडघ्यावर थापा मारू लागलं, कुणी दुसऱ्याच्या अंगावर पडलं, एकाला उचकी लागली ती पाणी पिऊनही जाईना. साहेबराव उतरून त्याच बाकड्यावर बसले आणि टोपीनं वारा घेऊ लागले. थोड्या वेळानं त्यांचेही खांदे हलायला लागले.

फक्त एक माणूस हसत नव्हता. गर्दीच्या मागं, हातात खुरपं घेऊन, मिशाळ कारभारी उभा होता. तो पुढं आला. "दाजी, ते झालं. पण बाई हसली कशाला?"

साहेबराव बेबीनंदाबाईंकडं बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होते. पण जे लिहिलेलं आहे ते विचारल्यावर दाखवायचं नाही, हे बेबीनंदाबाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फाईल उघडली आणि वाचायला सुरुवात केली. मिरची, धावणं, घनसावंगी. काकडी, वेल, बांध. ओळंबा, भिंत, वाकडे आढळले. बाज. इजा नाही.

कारभारीचा चेहरा आधी काळा पडला, मग लाल झाला. "दाजी, म्या कधी बाजंवरून पडलो?"

"न्हाई रे," साहेबराव खाली बघत म्हणाले.

"आन् भिंत? भिंत गवंड्यानं बांधली!"

"बांधली रे."

कारभारी फाईलवर वाकला. मग त्यानं बेबीनंदाबाईंना विचारलं, "बाई, हे कुठं कुठं गेलं म्हणता?"

"पेरू, ब्राझील आन् थायलंड."

"पेरू लांब हे?"

"आपल्याकडं सकाळ असली की त्यांच्याकडं अजून कालच असतो."

कारभारीनं खुरपं बाकड्यावर ठेवलं. "आन् तिथली माणसं बी हसली? तिन्हीकडची? जो तो आपापल्या बोलीत?"

"फायलीत हे सगळं."

"माझं नाव हे का त्यात?"

बेबीनंदाबाईंनी पानं चाळली. "न्हाई. नुसतं 'मेहुणे' असं हे."

"हे मातर बराबर न्हाई!" कारभारी गरजला. "राबायचं आपण, आन् नाव मेव्हण्याचं? दाजी, यापुढं माझं नाव टाकायचं. कारभारी. गाव, तालुका, जिल्हा, सगळं टाकायचं. आन् ती बाजंची गोष्ट फार मऊ हे. त्यापरीस म्या म्हशीवरून खरंच पडल्तो पोळ्याला, ती सांगा."

टपरीवाल्यानं सगळ्यांना चहा दिला. भेंडी कुणीच लावली नाही.

पुढच्या आठवड्यात बेबीनंदाबाईंनी रामोनला सविस्तर पत्र लिहून झालेला गैरसमज कळवला. 'आपण जा म्हणाला नसून हसला होता हे उघडकीस आले आहे. सबब बोलणे पुन्हा सुरू करण्यात येत आहे.' रामोननं पाच ओळी भरून जे ए जे ए लिहिलं आणि मिरचीचं बी मागवलं. गिल्बर्टोचं पत्र त्याआधीच येऊन पडलं होतं. ब्रश पोचला होता. त्यानं तो काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावला होता, तसा फोटोही पाठवला होता. खाली त्यानं लिहिलं होतं की आता कळ छान चालते, आणि पुढं ओळभर के.

ही बातमी जुन्या जालन्यात पसरली. परदेशी काही आलं की लोक कागद घेऊन बेबीनंदाबाईंकडं येऊ लागले. कापड गल्लीतल्या पुष्पाबाईंचा मुलगा लोखंडाच्या कारखान्यामार्फत इंडोनेशियाला गेला होता. तिथल्या मित्राशी झालेल्या गप्पा त्यानं घरी धाडल्या होत्या, त्याचा कागद पुष्पाबाईंनी नातवाकडून काढून आणला होता. "बाई, हे वक वक वक काय हे? पोराला वांत्या होऊन राह्यल्या का तिथं?" बेबीनंदाबाईंनी वरची ओळ वाचली, खालची वाचली, आणि सांगितलं, "न्हाई हो पुष्पाबाई, मजेत हे तुमचा मुलगा. हसून राह्यले दोघं." पुष्पाबाई निर्धास्त होऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वाटीभर शेवया देऊन गेल्या.

एकदा रामोननं विचारलं, तुमच्या मराठीत कसं हसतात? बेबीनंदाबाईंनी हे काम नीट करायचं ठरवलं. साहेबरावांना एक गंमत सांगायला लावली आणि कागद घेऊन बसल्या. साहेबराव स्वतः 'ख्याँ ख्याँ' करून हसले. द्वारकाबाई पदर तोंडात कोंबून 'ई ई ई' करत होत्या. गोडाऊनच्या भुजंगाच्या नाकातून 'फुर्र' असं काहीतरी निघालं, ते लिहायला कुठलंच अक्षर पुरेना. शेवटी त्यांनी साहेबरावांचंच हसू इंग्रजी अक्षरांत उतरवून पाठवलं. रामोनचं उत्तर आलं: ख्याँ ही मिरचीची नवी जात दिसते. नमुना पाठवावा.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात सुदा मॅडम भेंडीचा प्लॉट बघायला आल्या. विमानतळावर आणायला बेबीनंदाबाई गेल्या, जीपचा ड्रायव्हर भुजंगच होता. बेबीनंदाबाईंच्या डोळ्यांपुढं एक धिप्पाड, खदाखदा हसणारी बाई होती. आठ आठ पाच लिहिणारी बाई लहानशी कशी असेल? प्रत्यक्षात आली ती त्यांच्या खांद्याएवढी, हळू बोलणारी, चष्म्याची. बदनापूर मागं पडलं तरी दोघी अवघडून बसलेल्या. मग बेबीनंदाबाईंनी आपल्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सविनय, कारभारी यांनी आपल्या स्वागतासाठी मिशांना तेल लावले असता मांजर मागे लागले.

सुदा मॅडमनं हात तोंडावर ठेवला. डोळे मिटले. खांदे थरथरले. आवाज मात्र कणभरही नाही. बेबीनंदाबाई टक लावून बघत राहिल्या.

"हे पाच होते?" त्यांनी विचारलं.

"आठ," सुदा मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "आणि तुम्ही? तुम्ही दोन वर्षांत मला एकदाही हसू लिहिलं नाही. आम्हाला वाटायचं तुम्ही हसतच नाही."

बेबीनंदाबाई काहीतरी उत्तर देणार होत्या, पण त्यांच्या पोटातून आधी एक घर्र आलं, मग एक किंकाळी, आणि मग हसनाबादच्या बायका मळणीच्या वेळी हसायच्या तसं, खळ्यावरची पाखरं उडवणारं हसू असं सुटलं की भुजंगानं ब्रेक दाबला, जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि धावत जाऊन बॉनेट उघडलं.

"काय झालं रे?" बेबीनंदाबाईंनी डोळ्यांतलं पाणी पुसत विचारलं.

"पट्टा तुटल्यावानी आवाज आल्ता," तो म्हणाला.

पट्टा शाबूत होता. तरी थांबलोच आहोत म्हणून त्यानं रेडिएटरमध्ये पाणी घातलं. दुपारच्या जेवणाआधी तिघं जालन्याला पोचले. सुदा मॅडमनं प्लॉटमधली एक भेंडी तोडली, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं, आणि दोनशे किलो बी मागवलं. हा आकडा मात्र बेबीनंदाबाईंनी अक्षरात लिहून घेतला.